तंगुसाचा हार

आमच्या रेझिन प्लँटमधला दोन नंबरचा पंप माणूस असता, तर त्याच्याशी कुणी सोयरीक केली नसती. इतका हट्टी. गिअर पंप तो. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि काकवीसारखं घट्ट रेझिन पुढे ढकलत राहतात. फिरतो सावकाश, पण अडवलात तर थांबत नाही. पुढचा व्हॉल्व बंद ठेवून चालवलात तर पाइप फोडेल, कोरडा चालवलात तर स्वतःचेच दात झिजवेल.

सुट्टीनंतर तर त्याचे लाड विचारू नका. रेझिन आत गोठलेलं असतं. आधी बाहेरून वाफ द्यायची, मग मोटरची लाईन बंद करून स्विचला कुलूप लावायचं, मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग हाताने फिरवून बघायचं. सैल फिरलं की त्याच्यावर लोखंडी जाळी बसवायची, व्हॉल्व उघडे आहेत ना ते बघायचं, आणि मग बटण. हरेश्वर आणि मी हे इतकी वर्षं केलं, की झोपेतसुद्धा चुकलो नसतो.

हरेश्वर माझा जोडीदार. दोघेही फिटर, दोघेही खाडीकाठच्या खारेपाटातले. कुलपाच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कडक. गळती थांबवायला नुसता एक नट आवळायचा असला तरी आधी कुलूप, आणि चावी त्याच्या गळ्यात. पोरं चेष्टा करायची, "काका, चावीचं मंगळसूत्र घातलंय का?" तो म्हणायचा, "व्हय, आणि कुंकू तुमच्या नावाचं लावतो."

असा माणूस त्या पंपाने खाल्ला. मला आजही त्या पंपाचा राग येतो, आणि लोखंडावर रागावून काय मिळतं तेही मला कळतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनांची पूजा होते. पंप पुसायचे, नारळ फोडायचा, आणि त्या दिवशी सगळ्या जाळ्या काढायच्या. कारण काय, तर देवाला बुरख्यावरून कुंकू लावतात का? कुंकू थेट कपलिंगला, हारही कपलिंगलाच. दोन नंबरचा हार दरवर्षी हरेश्वरच्या घरून यायचा. त्याची बायको सगुणा परसातला झेंडू ओवायची. एका वर्षी आरती चालू असताना तिचा हार तुटला आणि लोकांनी अपशकुन म्हणून तोंडं पाडली. तेव्हापासून ती सुती दोरा सोडून तंगुसात ओवू लागली. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. जिताड्यासारख्या मोठ्या माशाने झटका दिला तरी तुटत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर कंपनी उघडली, त्या सकाळची गोष्ट. वाफ सोडलेली होती, मी बॉयलरकडे प्रेशर बघायला गेलो होतो. हरेश्वर सुकलेले हार उतरवत होता. पूजेच्या हाराला आमच्यात कात्री लावत नाहीत, हाताने सोडवून निर्माल्य खाडीत देतात. दोन नंबरचा हार कपलिंगमध्ये गुंतला होता. त्याने टोक मनगटाला गुंडाळून ओढायला घेतलं. लाईनला कुलूप नव्हतं. एक नट आवळायला कुलूप लावणारा माणूस, पण हार उतरवणं हे काम थोडंच होतं? ते देवाचं. देवाच्या कामाला कुलूप लावायचं आमच्यापैकी कुणाच्या कधी डोक्यातच आलं नाही.

पॅनेलवरून पंप दिसत नाही. तिथल्या कुलदीपने मोटर भार उचलते का बघायला बटण दाबलं. पंप सावकाश फिरला आणि हार गुंडाळत गेला, हारामागून मनगट, मनगटामागून माणूस. डोकं गिअरबॉक्सवर आपटलं. ओरडा ऐकून मी धावलो, लाल बटण दाबलं, चाकूने तंगूस कापला. दवाखान्यात नेताना, पोयनाड यायच्या आत तो गेला. कुलदीप नोकरी सोडून माणगावला निघून गेला, पुन्हा दिसला नाही.

त्या संध्याकाळी सगुणाच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "बाही अडकली, वयनी." हार ओवणारीला दुसरं काय सांगणार? प्लँटमधल्या सगळ्यांना मी दम भरला, की हिच्यापुढे हाराचं नाव काढाल तर गाठ माझ्याशी आहे. वर्षभर कुणी काढलं नाही. तिला हे कधीच कळू द्यायचं नाही, एवढा एकच ध्यास मी घेतला होता.

यंदा सेफ्टीच्या मृणाली मॅडमनी सांगितलं, पूजेला जाळी काढायची नाही आणि हार चढवताना-उतरवताना कुलूप लागलंच पाहिजे. लोक कुरकुरले, देवी कोपेल म्हणाले. माझं डोकं फिरलं. "जाळीला लावा कुंकू! देवीला जाळीतून दिसतं!"

आणि तेवढ्यात सगुणाचा निरोप आला, दोन नंबरचा हार मीच देणार म्हणून. नवमीच्या आदल्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी तडक तिच्याकडे गेलो. ती ओटीवर बसली होती, पुढे झेंडूचा ढीग, बाजूला पाण्याची परात.

"वयनी, हार मी पेनवरून आणतो. तू कशाला तरास घेतेस?"

"दरवर्साला मीच करते ना? मंग यंदा काय झाला?"

"उगाच," म्हणालो.

तिने अर्धा ओवलेला हार उचलून माझ्या हातात दिला. "वढून बगा."

"कशाला?"

"वढा तर."

मी जरासा ओढला. हार तुटला, फुलं ओटीवर पडली. तेव्हा मी परातीत पाहिलं. केळीच्या खोडाची सोपटं भिजत घातली होती. तंगूस नव्हता. ती केळीच्या सोपटात हार ओवत होती.

"तुटला," मी म्हणालो.

"तुटायलाच पायजे." तिने फुलं वेचून पुन्हा ओवायला घेतली. मान वर न करता म्हणाली, "भावजी, कंपनीचा शर्ट अर्ध्या बाहीचा हाय. रोज मीच धुवायची."

वर्षभर सांभाळलेलं माझं खोटं पहिल्या दिवसापासून फाटकं होतं, आणि मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. माझ्या अंगावरही त्या वेळी तोच अर्ध्या बाहीचा शर्ट होता.

"मग येवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी दारात हुबं व्हतात, तवा तुमचा त्वांड बगितला मी. तुमाला वाटत व्हता, हिला वाचवतोय. कशाला मोडू?" तिने पुढचं फूल ओवलं. "यांच्या मनगटावरचा वळ बगितला मी. तंगूस यांनीच आनलेला. गाठ माजी. डबल मारली व्हती. सुटू नये म्हनून."

तुझी चूक नाही, हे मी म्हणालो, पण असं म्हटल्याने कुणाचं दुःख हलकं झालेलं मी पाहिलेलं नाही. ती रडली नाही. हार झाला तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून तिने माझ्याकडे दिला.

खंडेनवमीला तो मी दोन नंबरच्या जाळीवर चढवला. कुंकूही जाळीलाच लावलं.

दसऱ्यानंतर कंपनी उघडली. वाफ सोडण्याआधी मी मोटरची लाईन बंद केली, कुलूप लावलं, चावी गळ्यात अडकवली. नवा जोडीदार हिरामण विचारत होता, "काका, काम काय काढलंय?"

"हार उतरवायचाय," मी म्हणालो.

हाराला हात लावला मात्र, तो हातातच सुटला. सोपट तुटलंसुद्धा नव्हतं. सगुणाने यंदा गाठ एकच मारली होती, तीही सैल. झेंडू माझ्या बुटांभोवती पसरला आणि मी तिथेच, त्या नालायक पंपाशेजारी, खाली बसून रडलो.