परत आलेले तांदूळ

हर्षदाने मेणबत्ती धरलेला तो फोटो वाडीत कुणी आणला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या संदीपच्या मोबाईलवर तो आला, आणि संदीपच्या मोबाईलवर आलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत वाडीतल्या कोंबड्यांनाही कळते. फोटो गेल्या नाताळातला होता. विद्यापीठाच्या अंगणात पोरापोरींची रांग, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, आणि मधोमध हर्षदा, लाल शाल पांघरून दात काढून हसणारी.

बेडसे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. तिथून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. बाप शिदू ती लहान असतानाच गेला, आणि आई भागूबाईने आपला भाताचा तुकडा कसून, वर दुसऱ्यांच्या शेतात राबून तिला शिकवलं. आता ती ख्रिस्ती लोकांच्या विद्यापीठात समाजकार्य शिकत होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होती. समाजकार्य म्हणजे काय, हे मात्र वाडीच्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. मास्तरीण होणार का नर्स, एवढंच लोक विचारत. दोन्ही नाही म्हटल्यावर मग उरलं काय? बाटणं उरलं. वाडीने आपल्या परीने उत्तर काढून टाकलं.

हे सगळं नेमकं वाघबारशीच्या तोंडावर आलं. दिवाळीच्या आधल्या त्या दिवशी वाडीतलं प्रत्येक घर नव्या तांदळाची ओंजळ घेऊन माळावरच्या वाघोबाच्या दगडापाशी जातं. सगळ्यांचे तांदूळ एकाच पातेल्यात पडतात, गुराखी त्याची खीर करतात आणि सगळी वाडी पानांवर बसून ती खाते. ज्या घराचे तांदूळ पातेल्यात पडले ते घर वाडीचं. ज्याचे पडले नाहीत, त्याच्या लावणीला हात मिळत नाहीत आणि मयताला खांदा मिळत नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण भागूबाईला ते चांगलं ठाऊक होतं. त्या एकट्या बाईचं सगळं आयुष्य त्या ओंजळभर तांदळावर उभं होतं.

"आबा इचारत्याल तुला," वाटेत ती लेकीला म्हणाली. तिच्या हातात पितळी होती आणि पितळीत तांदूळ. "तू नुसतं न्हाई म्हन. जास्ती शिकल्यावानी बोलू नगं."

"फोटो कार्यक्रमातला हाय, आय. समद्या पोरींनी धरली व्हती मेनबत्ती."

"तेच म्हन की मंग."

दगडापाशी भिकाजी आबा बसले होते. वाघोबाचं सगळं तेच बघत. माणूस वाईट नव्हता. शिदू गेला तेव्हा भागूबाईच्या दारात पहिली लाकडाची मोळी त्यांनीच आणून टाकली होती, आणि हर्षदा बारावी झाली तेव्हा पेढाही त्यांनीच आधी मागून खाल्ला होता. म्हणून तर त्यांना उत्तर देणं हर्षदाला अवघड जात होतं. परक्याने विचारलं असतं तर तिला एवढं लागलं नसतं.

तिने फोटोचं सांगितलं. आबांनी मान हलवली. मागे उभ्या असलेल्या संदीपचा चेहरा पडला, कारण फोटोतला दम एवढ्यातच संपला होता. आबा म्हणाले, "फोटूचं ऱ्हाऊ दे. तितं समद्यांसंगं ऱ्हायाचं तर करावं लागतंय मानसाला. तू वाघोबाला हात लाव आनि येवढंच सांग, त्यांच्या देवाफुडं तू कंदी काय मागितलं न्हाईस. मंग घालू तुमचं तांदूळ."

भागूबाईने लगेच पितळी पुढे केली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

हर्षदाने शेंदूर माखलेल्या दगडावर हात ठेवला. या पावसाळ्यात लावणी आटपता आटपता आई तापाने पडली होती. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर नीट बोलेनात. हर्षदाची परीक्षा चालू होती. पेपर देऊन ती विद्यापीठाच्या छोट्या चर्चमध्ये जाऊन बसली, कारण रडायला तेवढी एकच रिकामी जागा होती. तिथे तिने एक मेणबत्ती लावली. ती कार्यक्रमाची नव्हती. लेकराला कडेवर घेतलेल्या त्या बाईच्या मूर्तीला ती आपल्या बोलीत म्हणाली होती, माज्या आयला जित्ती ठेव. त्याच दिवशी डोळे मिटून तिने वाघोबालाही हेच मागितलं होतं.

वर्गात अशा शपथांना समाजाचा धाक म्हणतात. त्यावर तिने झकास उत्तर लिहून चांगले मार्कही मिळवले होते. पण पेपर लिहिणारा हात आता दगडावर होता, आणि वाघोबाला हात लावून खोटं बोलायचं नसतं हे तिला वर्गाच्या कितीतरी आधी शिकवलं गेलं होतं. आईनेच शिकवलं होतं.

"मागितलं हाय, आबा," ती म्हणाली. "आयसाठी. हितं बी मागितलं आनि तितं बी."

गुराख्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. खिरीखालचं लाकूड तेवढं तडतडत होतं.

आता खरं सांगायचं तर, बाटलेल्या पोरीला हा प्रश्न जडच गेला नसता. तिने दगडावर हात आपटून नाही म्हटलं असतं आणि पानभर खीर ओरपली असती. वाघोबाला भिऊन खरं बोलणारी पोर वाघोबाची नाही, तर मग कुणाची? पण हे तिथे कुणाला सुचलं नाही. आबांना बहुधा सुचलं असावं, कारण त्यांनी बराच वेळ हर्षदाकडे बघितलंच नाही.

"खरं बोललीस," अखेर ते म्हणाले. "पर म्या आता काय करू? समद्यांनी ऐकलं. त्ये शिक्षन सोड पोरी. पुढल्या बारशीला घिऊ तांदूळ."

भागूबाईने पुढे केलेली पितळी मागे घेतली, पदराखाली झाकली आणि वाट धरली. हर्षदा मागून चालत होती. आई बोलली ती दारातच.

"न्हाई म्हनायला काय जात व्हतं तुजं?"

"वाघोबाम्होरं, आय?"

भागूबाई उंबऱ्यावर बसली. पितळीतल्या तांदळाचं आता काय करायचं, ही तिच्यापुढची खरी अडचण होती. देवाचे म्हणून काढलेले तांदूळ घरच्या चुलीवर चढत नाहीत आणि देवाने तर घेतले नव्हते. तिने फडकं आणलं आणि तांदूळ त्यात ओतले.

"त्यांच्या देवानं काय मागितलं तुज्याकडं? मला ठिवलं त्याचं?"

"काय न्हाई."

"वाघोबानं तर मी उठल्यावर कोंबडं घेतलं," भागूबाई म्हणाली आणि फडक्याला गाठ मारली. मग पाटावर चढून तिने ती पुरचुंडी वाशाला टांगली, उंदरांना पोचता येणार नाही अशी.

"आय, म्या शिक्षन सोडलं तरच घेनार हायती ते. लावनीला कोन येल तुज्याकडं? म्या सोडते. हितंच कुटंतरी काम बघते."

हर्षदा हे मनापासून बोलली. त्या क्षणी तिला पदवी नको होती, काही नको होतं. आई एकटीच चिखलात वाकलेली तिला दिसत होती.

"सोडू नगं," पाटावरून उतरत भागूबाई म्हणाली. "तांदूळ ऱ्हात्यात. त्यांना काय व्हत न्हाई."

माळावरून माणसांचा गलका आला. पानं मांडली गेली होती. शिजलेल्या गुळाचा वास उतारावरून थेट घरात शिरला. भागूबाईने दार लोटून घेतलं, पण दाराला फटी होत्या.

"दरसाली लय ग्वाड लागायची गं ती खीर," ती म्हणाली, आणि शिदू गेल्यापासून लेकीपुढे कधी रडली नव्हती ती बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली.