दोन चतुराबाई

"आज दोन-दोन चतुराबाई काहून आल्या?" मंजुळानं अंथरुणातून विचारलं, आणि तिच्या सासूनं, वच्छलाबाईंनी, पदर तोंडाला लावला.

सुईण चतुराबाई उंबऱ्यात एकटीच उभी होती. युसूफ वडगावात निजामाचा हुकूम पोचायला महिना लागे. चतुराबाईनं सकाळी टाकलेला शब्द दुपारपर्यंत घरोघरच्या चुलीवर शिजत असे.

"बघा आता," वच्छलाबाई म्हणाल्या. "दिवस गेले तवापासून तीन म्हैने नुसती ओकती. काल उभी केली तर दारू पिल्यावानी झोकांड्या. बाधा हाय. दुपारी भगत येतोय, मिरच्यांची धुरी द्याया."

चतुराबाई जवळ बसली. मंजुळाची बुबुळं वाऱ्यावरच्या दिव्यासारखी थरथरत होती. तिनं तळव्यानं एक डोळा झाकला.

"आता चतुराबाई किती?"

"येकच."

दुसरा झाकला. "अन् आता?"

"येकच की."

"पाटलीणबाई, हात ठिवला की पळती, काढला की येती! अशी भित्री बाधा म्या बघितली न्हाई. रोग हाय ह्यो. खाती काय?"

"तांदळाची पेज अन् खडीसाखर. पाटलाची सून हाय, कोंड्यावर ठिवायची का?"

ज्वारीच्या मुलखात उखळात सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ म्हणजे मान. तो मान वच्छलाबाई सुनेला तीन महिने घोटघोट पाजत होत्या.

चतुराबाईनं मनात बाया ओळीनं उभ्या केल्या. रानात राबणाऱ्याही ओकत, पण अधूनमधून हुलग्याच्या पिठाची पातळ कांजी, माडगं, चाटत. त्यांचे डोळे कधी फिरले नाहीत. फिरले होते एकीचेच, चतुराबाईच्या माहेरी उमापुरात, बड्या घरच्या लेकीचे. तिथंही पेजच होती. धुरीचं खापर चतुराबाईनंच धरलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

"आठ दिस द्या. सालीसकट हुलग्याचं माडगं, पळीपळीनं. ओकली की पुन्ना."

"अन् मेली तर?"

"तर ह्या गावात परत नाळ कापायची न्हाई."

भगत आला, तर चतुराबाई दारात आडवी. "या म्हाराज! आदी माजी बाधा काढा, साठ वर्सांची हाय." भगत मिरच्यांसकट परतला.

पहिल्या दिवशी सगळं उलटून पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पळी टिकली. पाचव्या दिवशी बुबुळं थांबली. आठव्या दिवशी मंजुळा भिंत धरून चुलीपर्यंत गेली. पुढं दिवस भरून सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. वच्छलाबाईंनी चतुराबाईला लुगडं नेसवलं.

एक गोष्ट मात्र परतली नाही. सकाळचं मंजुळाला दुपारी आठवेना. आठवणीतल्या रिकाम्या जागी ती काहीबाही भरी. "काल आमी देवाला कपिलधारला गेलतो," ती बाजेवरून सांगे.

"हे बी जाईल ना माडग्यानं?" वच्छलाबाईंनी एकदा हळूच विचारलं.

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. असं नुसतं 'न्हाई' तिच्या तोंडून गावानं फारसं ऐकलं नव्हतं.

ती रोज सकाळी येई. मंजुळा रोज आदबीनं विचारी, "बाई, तुमी कोन?"

जिचं नाव गावात कुणाला विचारावं लागत नसे, ती हात धुऊन समोर बसे. "मी चतुरा. सुईण. अन् ह्ये तुजं लेकरू."

"माजं?"

मंजुळा नवलानं बघत राही. तोवर तिचा हात आपसूक बाळाच्या मानेखाली गेलेला असे.