कोर्टाच्या कपाटातले देव

माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच धाकट्या दिरानं, गिरीराजनं, माझ्यावर दावा लावला. बेंगळूरच्या चामराजपेटमधलं माझं घर म्हणे एकत्र कुटुंबाचं, त्यात अर्धा वाटा त्याचा! खरी गोष्ट अशी की दोघं भाऊ आधी वेगळे झाले आणि नंतर ह्यांनी स्वतःच्या पगारातून हे घर बांधलं. ते कोर्टात सिद्ध झालं तर घर माझं, नाही तर म्हातारपणी मधे भिंत.

वाटणीचा कागद कुणी केलाच नव्हता. आमच्याकडे भाऊ वेगळे होतात ते देवघरात. थोरल्याकडे जुने टाक राहतात, म्हणजे कुळदेवतांचे चांदीचे लहान पत्रे. धाकट्यासाठी नवे घडवतात, जुन्यांच्या शेजारी बसवून पूजा करतात, आणि मग ते घेऊन तो आपली चूल वेगळी मांडतो. गिरीराज शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहायला गेला तेव्हा सासूबाईंनी घडवलेले टाक मीच पुसून डब्यात ठेवले होते. आणि दाव्यात हा गृहस्थ लिहितो, आमचं देवघर एकच, ते चामराजपेटला! माझं डोकंच फिरलं.

माझे वकील नरसिंहराव आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे. त्यांना टाक म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. "वेगळी पूजा हा वेगळं झाल्याचा पुरावा होतो, अक्का," म्हणाले आणि त्यांनी अर्ज केला. गिरीराजनं आपल्या देवघरातले टाक कोर्टापुढे हजर करावेत, असा हुकूम झाला.

मला खात्री होती, तो शपथेवर सांगणार की आपल्याकडे टाक नाहीतच. पण तारखेला तो आला, आणि मागून पितळी डबा पदराखाली धरून माझी जाऊ संयोगिता. कारकुनानं डब्याचं झाकण काढलं तशा आम्ही दोघी जावांनी पायातल्या चपला काढल्या. सगळ्या कोर्टात आम्ही दोघीच. एकमेकींकडे पाहायचं मात्र आम्ही टाळलं.

गिरीराजच्या वकिलांनी लगेच पलटी मारली. हे टाक म्हणजे लांब राहणाऱ्या मुलासाठी आईनं केलेली सोय, खरे देव थोरल्याकडेच, आजही पूजा एकत्रच! मुद्दा लोंबकळत राहिला. साक्षी संपेपर्यंत टाक कोर्टाच्या ताब्यात राहतील, असं जज्जसाहेबांनी सांगितलं. कारकुनानं एकेका टाकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, भवानीलासुद्धा, आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"रोजची पूजा कोण करणार?" संयोगितानं त्याला कानडीत विचारलं. त्यानं किल्ली खिशात टाकली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, भोगा आता.

पुढची तारीख दसऱ्यानंतरची पडली. नरसिंहरावांनी मला बजावलं, "नवरात्रात दीर-जावेला घरात घेऊ नका. एकत्र पूजा झाली की आपलाच पुरावा आपल्यावर उलटेल. दार उघडलंत तर घर गेलं समजा."

घटस्थापनेच्या सकाळी संयोगिता दारात उभी. हातात नारळ आणि फुलांची परडी. गिरीराज रिक्षापाशी पाठ करून उभा होता.

"अक्का, आमच्या घरी देव नाहीत. घट कुणापुढं बसवू?"

"त्याला विचार. दावा लावताना नाही सुचलं?"

"मी तेच म्हटलं त्यांना. स्वल्प वेळ बसते, फुलं वाहते, जाते. जेवायलासुद्धा थांबणार नाही."

मी खूप बोलले. दाव्याचं बोलले, ह्यांच्या आजारपणात कोण फिरकलं नाही तेही काढलं. आत माझे देव विड्याच्या पानांवर बसलेले, आणि दारात आलेल्या कुळाच्या सुनेला मी घालवून देऊ? माझ्याच्यानं झालं नाही. "सरी, बरं, ये," म्हटलं. "आणि त्यालाही बोलाव. रस्त्यात तमाशा नको." गिरीराज आला, हात जोडून उभा राहिला आणि तसाच रिक्षात जाऊन बसला. नरसिंहरावांना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

तारखेला गिरीराज साक्षीला उभा राहिला. त्याच्या वकिलांना सगळा सुगावा लागला होता. मोठ्या खुशीत त्यांनी विचारलं, "यंदा नवरात्राची पूजा कुठं केलीत?"

"चामराजपेटला, वैनींच्या घरी."

"म्हणजे दरवर्षीप्रमाणे, एकत्र कुटुंबाच्या देवघरात?"

एक 'हो' म्हटलं की अर्धं घर त्याचं. गिरीराजनं लोखंडी कपाटाकडे पाहिलं, मग संयोगिताकडे.

"नाही," तो म्हणाला. "आमचे देव इथं अडकलेत, म्हणून गेलो. दुसऱ्याच्या घरी जातात तसं दारात उभं राहून, विचारून. ते देवघर त्यांचं. आमचं वेगळं आहे."

त्याचे वकील खाली बसले. नरसिंहरावांनी टेबलाखालून माझ्या हातावर थोपटलं. घर राहिलं होतं. माझ्याच हातची हळद लागलेला हा दीर भर कोर्टात मला परकी म्हणाला, आणि तेच तर त्यानं म्हणावं म्हणून मी इतके दिवस झगडत होते. मी पदर तोंडाला लावला. मला रडू आवरेना.