पाटी ठोकलेला माथा

‘दप्तर’ तिसऱ्यांदा बूट पुसायला थांबला, तेव्हा बाईंनी काठी चिखलात रोवली आणि एका जाड मुळावर बसकण मारली.

“पुस, पुस. वर फोटोवाले थांबले असतील तुझ्यासाठी.”

“नवे आहेत, बाई.”

“दिसतंय ते. आतले पाय मात्र जुनेच.”

दप्तर आता नकाशा खात्यात मोठा अधिकारी होता. सहावीत बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. दप्तर त्याच्याहून मोठं, म्हणून पोरांनी तेच नाव ठेवलं. बाई शिंकल्या तरी हा वहीत उतरवून घेईल, असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगायच्या आणि सगळे हसायचे. अकलेचा वापर न करता हा कुठवर जातो बघू, असं त्यांना तेव्हा वाटे. गेला की खुर्चीपर्यंत.

बेटावरच्या सगळ्या शाळांसाठी त्याच्या खात्याने नवा नकाशा केला होता. उद्या दुपारी त्याची सही झाली की तो छापखान्यात जाणार. त्यात बेटाचं सर्वांत उंच ठिकाण म्हणून अलीकडचा माथा दाखवला होता. तिथे खात्याने तशी लोखंडी पाटीही ठोकली होती. खरं उंच टोक त्याच डोंगरधारेवर तासभर पुढे होतं. बाई त्याच्या कचेरीत तीनदा जाऊन आल्या. तीनदा त्याने चहा पाजला आणि ‘बघू’ म्हणाला. चौथ्यांदा बाई म्हणाल्या, “बघूच. उद्या पहाटे पायथ्याशी ये.”

वाट धारेवरून जात होती. दोन्हीकडे खोल दरी, पण झाडी इतकी दाट की दरी दिसायची नाही, नुसता गार वारा अंगाला लागायचा. खोडांवर शेवाळाचे थर, पायाखाली निसरडी मुळं. सत्तरीच्या बाई काठी टेकत सरळ जात होत्या. दप्तर फांद्यांना लोंबकळत येत होता.

“बाई, जळू चावली.”

“चावू दे. तुझं रक्त पिऊन तिला काय अक्कल यायची आहे?”

पाटीपाशी पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. पुढचं टोक झाडीतून डोकं काढून उभं होतं.

“ते लांब आहे म्हणून उंच वाटतं,” दप्तर म्हणाला.

बाईंनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली. त्यात बाटलीतलं पाणी ओतलं, एक टोक त्याच्या हाती दिलं आणि दुसरं धरून चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत राहतं. पाचवीतली पोरंही सांगतील. आता तुझ्या पाण्यावरून माझ्या पाण्याकडे नजर लाव. डोंगराचं ते पुढचं टोक या रेषेच्या वर आहे की खाली?”

दप्तर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“वर,” तो म्हणाला. “चांगलंच वर.”

“मग ही पाटी कोणत्या गाढवाच्या सांगण्यावरून ठोकली?”

दप्तरने नळी हळूच खाली ठेवली. “तुमच्या, बाई.”

“काय?”

“सहावीची सहल. ढग उतरले होते, दोघी-तिघी रडत होत्या. तुम्ही इथेच थांबलात आणि म्हणालात, हेच बेटाचं सर्वांत उंच ठिकाण, आता परत फिरा. मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.”

बाईंना ढग आठवले. बुटात पाणी गेलेली, थंडीने कुडकुडणारी चाळीस पोरं आठवली. खरं टोक पुढे आहे हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. लहानपणी वडिलांबरोबर त्या तिथे जाऊन आल्या होत्या. पोरांना मुकाट खाली न्यायला एक वाक्य ठोकून दिलं. सोमवारी वर्गात दुरुस्त करू, असं मनाशी म्हणाल्या. मग परीक्षा आल्या.

त्या पाटीच्या खांबाला टेकून बसल्या. इतका वेळ तोंडात घोळत असलेला पुढचा टोमणा त्यांनी गिळला.

“बाई, नकाशा थांबवतो. पण वरचे विचारतील, पाटी कशाच्या आधारावर लावली.”

“सहावीच्या बाईंनी माहीत असून चुकीचं शिकवलं, असं लिही. माझं नाव घाल.”

“शाळेत तुमचा फोटो लावलाय, बाई.”

“काढतील. भिंत मोकळी होईल.”

दप्तरने खिशातून छोटी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

“थांब,” बाई काठीवर भार देऊन उठल्या. “पुढच्या टोकावर स्वतः पाय ठेवल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मी सांगितलं तरी.”

त्याने टोपण लावलं, वही खिशात घातली आणि बूट न पुसता पुढे झाला.