नऊ आठवड्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा टाइपरायटर

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. आगगाडीने आणि पुढे खेचराच्या पाठीवरून मी मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका शाळेत आलो. तिथले मुख्याध्यापक डॉन आन्सेल्मो उर्रुतिया माझे मालक. दोनच बोटांनी टाइप करायचे, पण एकही चूक राहू द्यायचे नाहीत.

क्रांतीला चार वर्षे झाली होती. जुने सरकार पळाले आणि जिंकलेले सेनापती आपसांत भांडू लागले. निवडणूक होईपर्यंत देश कोणी सांभाळायचा? शेवटी त्यांनी डॉन आन्सेल्मोंना हंगामी राष्ट्राध्यक्ष केले, कारण त्यांची कोणालाच भीती वाटत नव्हती.

ते मला राजधानीत घेऊन गेले. तिथे एदुविहेस नावाच्या बाई माझ्यावर काम करू लागल्या. शाळा उघडा, उखडलेले रूळ जोडा, अशी कितीतरी पत्रे आम्ही लिहिली. लोक कौतुकाने म्हणत, "या सरकारचा कागद निदान वाचता तरी येतो!"

सहाव्या आठवड्यात त्या सेनापतींपैकी एक, जनरल ओलाचेआ आले. जुन्या सरकारच्या फौजेच्या बँडपथकातले अकरा वाजंत्री त्यांच्या कैदेत होते.

"गोळ्या घालायचा हुकूम काढा," ते म्हणाले.

"अहो जनरल, ते तर वाजंत्री!"

"त्यांनी कर्णे वाजवले, म्हणून त्यांची माणसं चालून आली. माझे साठ जण गेले, मास्तर."

डॉन आन्सेल्मोंनी माझ्यात कोरा कागद घातला. "त्यांचं दुःख मलाही आहे. बाई, घ्या लिहून. अकराही जणांना सोडावं."

जनरलनी पिस्तूल काढून टेबलावर ठेवले. बाईंची बोटे थबकली.

"हे जरा सरकवतो हं," डॉन आन्सेल्मो म्हणाले. "कागदाला जागा नाही. लिहा बाई."

जनरलनी माझ्यावर मूठ आपटली. एका अक्षराचा दांडा वाकला. बाईंनी तो बोटाने सरळ केला आणि हुकूम पुरा केला.

डॉन आन्सेल्मोंनी सही केली, टोपी घातली आणि कागद घेऊन ते स्वतःच बराकीत गेले. बाईही मागोमाग गेल्या. परतल्यावर त्या सांगत होत्या, "साक्षात राष्ट्राध्यक्ष दारात पाहून पहारेकऱ्यांनी कुलूप काढलं. साहेब एकेक नाव वाचत होते आणि एकेक जण बाहेर येत होता."

याची किंमत त्यांना मोजावी लागली. सेनापतींनी पाठिंबा काढून घेतला. नवव्या आठवड्यात महालाबाहेर पहारासुद्धा उरला नाही. त्यांनी आपल्या दोन बोटांनी राजीनामा टाइप केला.

"आता काय करणार, साहेब?" बाईंनी डोळे पुसत विचारले.

"सोमवारी शाळा आहे की," ते म्हणाले आणि मला घोंगडीत गुंडाळू लागले.

पुढे पंधरा वर्षे आम्ही प्रगतिपुस्तके लिहिली. ते गेल्यावर मी अडगळीत पडलो. शाई वाळली, एका कोंबडीने माझ्यावर अंडीही घातली. आता मी गावच्या वाचनालयात असतो. मुले सगळी बटणे एकदम दाबतात, मग माझे दांडे एकमेकांत अडकतात.

मित्रांनो, मला हळू हाताळा. अधूनमधून धूळ पुसा, तेलाचा थेंब द्या. मी अजून लिहीन. फक्त एक लक्षात ठेवा. सोडा की मारा, दोन्ही शब्द माझ्यावर सारख्याच सहजतेने उमटतात. त्यांतला कोणता लिहायचा, हे मला ठरवता येत नाही. ते तुमच्या बोटांनाच ठरवावे लागेल.