वरंब्याकडेचं खुरपं

मी खुरपं. आज चार शब्द बोलणार आहे, पण सावकाश बोलेन, फार दमलोय.

माझं पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं. लोहारानं ते तापवून वाकवलं, बाभळीची मूठ ठोकली आणि गडमुडशिंगीच्या शालूबाईनं मला घरी आणलं. भांगलणीत तण काढत तिच्याबरोबर इतकी वर्षं राबलो की पातं झिजून निम्मं राहिलं. आता तिच्या हातून रानातलं काम होत नाही. घरामागच्या परसात थोडी वांगी, एक कढीपत्ता. मला वाटलं, सुटलो.

तिचा नवरा बाळासो कागलच्या एमआयडीसीत, फौंड्रीत साचे भरायचा. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू चालायला लागला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यानं एकदा दाबला नि खाटेखाली लोटून दिला. लेक संयोगिता पुण्याहून फोन करायची, हाताचं विचारायची. तो फोन शालूबाईकडं द्यायचा. माणसं स्वतःच्या हातावरही रुसतात, हे मी तेव्हा पाहिलं.

दिवाळीनंतर शालूबाईला टोपलीत मोड आलेले बटाटे सापडले. टाकवेनात. तिनं डोळा राखून फोडी केल्या, न्हाणीच्या चुलीतली राख लावली आणि मला पुन्हा हातात घेतलं. झिजलेल्या पात्यानं मी वरंबा ओढला. फोडी मातीआड झाल्या.

बाळासो खाटेवरून बघत होता. पाला वीतभर वाढल्यावर त्याला राहवेना. मातीची भर कमी आहे, बटाटे उघडे पडून हिरवे होतील, असं तो कुरकुरला. शालूबाईनं मला त्याच्यापुढं ठेवलं.

"मग तुमीच घाला की," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

तो डाव्या हातानं भर घालू लागला. मी वाकडा पडायचो, माती त्याच्याच पायावर उडायची. माझी मूठ आधीच सैल, त्यात हे धक्के. तरी रोज थोडी थोडी भर पडत गेली.

माघात पाला पिवळा पडून लोळला. काढणीला त्यानं मला जोरानं खुपसलं आणि मी एका चांगल्या जाड बटाट्याच्या आरपार गेलो. पुन्हा खुपसलं, पुन्हा तेच. पांढऱ्या फोडी मातीत पडल्या. आता हा मला भिरकावणार आणि खाटेवर जाऊन पडणार, असं वाटलं.

त्यानं मला बाजूला ठेवलं. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मनगटापर्यंत वरंब्यात सारला. बराच वेळ काही हललं नाही. शालूबाई ताट घेऊन दारातच थांबली. मग माती जराशी वर आली. बटाटा बोटांतून निसटला, परत निसटला. शेवटी बोटं मिटली, ती बटाट्यासकटच बाहेर आली.

"शाले," तो म्हणाला, "घावला."

ती ताट ठेवून पुढं आली. कापलेले बटाटे उचलून आत गेली आणि त्यांचा रस्सा केला.

दुसऱ्या दिवशी सगळा वरंबा उकरून घेऊ म्हणाली, नाहीतर मुंग्या लागतील. त्यानं अडवलं.

"ऱ्हाऊ दे. रोज एक-दोन काढतो मी."

तेव्हापासून मी इथंच पडून आहे. दंव पडतं, गंज चढतो, मूठ तर निखळलीच. शालूबाई, सवयीनं वाकशील मला उचलायला, पण नको. हत्याराला पडून राहण्याचं दुःख असतं म्हणतात, मला नाही. वरंब्यात अजून बटाटे आहेत. ते हातानंच निघू देत.