उजव्या हाताची गाडी

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. आता पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून असतो. म्हणून टीव्हीला जोडलेल्या मीडिया सेंटरच्या डब्यात मी त्यांना गाड्यांचा गेम बसवून दिला. दोन्ही हातांनी चालवायचा कंट्रोलर एका हातासाठी जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. पडद्यावर कंट्रोलरचं चित्र येतं, त्यातलं एकेक बटण उजळतं आणि त्याच्यासाठी आपण हातातलं बटण दाबायचं. चित्रात डावी दांडी उजळली की मी मुद्दाम उजवी ढकलायचे. ॲक्सिलरेटर, ब्रेक, वळण, सगळं उजव्या हाताखाली आणलं. जरा उशीर झाला की चित्र पुढे पळायचं, मग परत पहिल्यापासून. पण बाबांनी पहिलं वळण घेतलं आणि विचारलं, "हॉर्न कुठंय?" माझी सगळी चिडचिड तिथेच विरली.

मग वर्षातून एकदा उगवणारा माझा धाकटा भाऊ आला. हात बरा झाल्याचं बाबांनी त्याला फोनवर ठोकून दिलं होतं, आणि मला तोंड उघडायची बंदी. तो येताच बाबांचा डावा हात शालीखाली गेला. मी चहा ठेवायला आत वळले, तेवढ्यात त्याने कंट्रोलर उचलला.

"ताई, काय घोळ घालून ठेवलायस! डावीकडचं उजवीकडे!"

मी बाहेर येईपर्यंत त्याने सगळं पुसून मूळचं आणलंसुद्धा, वळण परत डाव्या हाताखाली.

"अरे, ते मुद्दाम..."

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

तो आधी स्वतः एक शर्यत जिंकला, मग त्याने कंट्रोलर बाबांच्या मांडीवर ठेवला. त्याची नजर मात्र टीव्हीवरच. गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळली. पुन्हा तेच.

"रस्ताच खराब आहे," बाबा म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" तो खदखदून हसला. बाबाही हसले. मला दोघांचाही संताप आला.

संध्याकाळी तो गेला. दार लागताच मी हात पुढे केला. "बाबा, द्या इकडे. होतं तसं करून देते."

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "त्याने नीट करून दिलंय. तू परत बिघडवून ठेवशील."

त्यांनी नवी शर्यत सुरू केली. मी कप उचलून आत गेले. भांडी घासून होईपर्यंत बाहेरून गाडी आदळल्याचा आवाज येत राहिला.